बिघडलेल्या गीझर-हीटरबद्दल ऑनलाइन सल्ला कसा घ्यावा: पायरी-पायरीने

गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, पाण्यात रॉड टाकला की मेन पडतो, रूम हीटरचा प्लग एका बाजूने काळा पडलाय. असं काही झालं की आपण आधी फोन उघडतो. साहजिक आहे. मेकॅनिक दोन दिवसांनी येणार, कंपनीचा फोन लागत नाही आणि सकाळी घरातल्या सगळ्यांना आंघोळीला गरम पाणी हवं असतं. आमच्या घरच्या गीझरच्या वेळी मीही तेच केलं. मिळालेले काही सल्ले फार उपयोगाचे होते, त्यांच्यामुळे मेकॅनिकशी नीट बोलता आलं. काही सल्ले मात्र असे होते की ते पाळले असते तर कुणाचा तरी जीव गेला असता. वाईट गोष्ट ही की दोन्ही प्रकारचे सल्ले सारख्याच ठामपणे दिलेले होते.

म्हणून हा लेख. यातला मुख्य नियम आधीच सांगते: वापर थांबवायचा का, मेकॅनिकला काय सांगायचं, वॉरंटी कशी मागायची, एवढं ऑनलाइन विचारा. झाकण उघडून आत काय करायचं हे ऑनलाइन विचारून करू नका. समोरच्याला तुमची वायरिंग दिसत नाही, तुमचे ओले पाय दिसत नाहीत आणि चूक झाली तर तो तिथे नसतो.

इथे मी प्रामुख्याने विजेच्या स्टोरेज गीझरबद्दल लिहिलं आहे, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात बऱ्याच घरांत तोच असतो. रॉड आणि रूम हीटरबद्दल जिथे वेगळं सांगायला हवं तिथे सांगितलं आहे. गॅस गीझरची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे बंद बाथरूममध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड हा मुख्य धोका असतो. त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. गॅस गीझर चालू असताना कुणाला गरगरलं किंवा डोकं दुखलं तर खिडकी-दार उघडा, त्या व्यक्तीला बाहेर आणा, गॅस बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. त्यासाठी हा लेख वाचत बसू नका.

१. आधी बंद करा, मग विचारा

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर प्रश्न टाइप करण्याआधी वीज बंद करायची:

- नळ, शॉवर किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणं
- जळका वास, चटचट आवाज, ठिणगी
- प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागणं, काळं किंवा पिवळं पडणं, वितळणं
- गीझरच्या खालच्या झाकणातून, म्हणजे जिथून वायर आत जाते तिथून, पाणी ठिबकणं
- आरसीसीबी किंवा एमसीबी (वीजपेटीतले आपोआप पडणारे खटके, दोघांतला फरक तिसऱ्या भागात आहे) पुन्हा पुन्हा पडणं
- नळातून पाण्याबरोबर वाफ येणं किंवा टाकीतून उकळल्यासारखा आवाज येणं

बंद करण्याचीही एक पद्धत आहे. बाथरूममध्ये ओल्या हाताने, ओल्या पायाने स्विचपर्यंत जायचं नाही. घराच्या वीजपेटीत गीझरचा एमसीबी असतो, तो खाली करा. कुठला ते माहीत नसेल तर सरळ मेन स्विच बंद करा. मग हात आणि पाय कोरडे करून, चपला घालून प्लग सॉकेटमधून काढा किंवा गीझरचा डबल पोल (दोन्ही तारा एकदम तोडणारा) स्विच बंद करा. नुसता एमसीबी बंद करून थांबू नका असं मी का म्हणते? साधा एक पोलचा एमसीबी एकच तार तोडतो. जुन्या घरांत कधी कधी फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले असतात. अशा घरात एमसीबी बंद असूनही गीझरपर्यंत फेज पोचलेलीच असते. प्लग वितळलेला असेल किंवा सॉकेटला चिकटला असेल तर तो ओढू नका. मेन बंद ठेवा आणि माणूस बोलवा.

आग लागली असेल तर पाणी टाकायचं नाही. मेन बंद करून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. कुणाला शॉक बसून ती व्यक्ती चिकटली असेल तर तिला हात लावू नका, आधी मेन पाडा, मग १०८ ला फोन करा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. मुलांना आणि आजी-आजोबांना मेन स्विच कुठे आहे हे आजच दाखवून ठेवा.

आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचा गीझर पूर्ण बंद असतानाही नळाला झिणझिण्या आल्या असतील, तर बिघाड तुमच्या गीझरचा नसेलही. जुन्या इमारतींत पाण्याचे पाइप लोखंडी असतात. शेजारच्या किंवा वरच्या फ्लॅटमधली गळती त्यातून तुमच्या नळापर्यंत येऊ शकते, किंवा इमारतीचं अर्थिंगच तुटलेलं असू शकतं. अशा वेळी लगेच सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवा, शेजाऱ्यांना गीझर बंद ठेवायला सांगा आणि वीज कंपनीला १९१२ वर फोन करा. खात्री करून घेण्यासाठी नळाला पुन्हा हात लावून बघायचा नाही.

२. तुमचं उपकरण नेमकं कोणतं ते पाहा

“माझा हीटर बिघडला आहे, काय करू?” या प्रश्नाला चांगलं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. गीझरच्या खालच्या किंवा बाजूच्या भागावर एक चकती किंवा स्टिकर असतो. वीज बंद असताना त्याचा फोटो काढा आणि त्यावरचं एवढं लिहून घ्या: मॉडेलचं नाव, लिटर, वॅट, व्होल्ट, दाब आणि आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे त्या चिन्हाचा परवाना क्रमांक.

या आकड्यांचा अर्थ थोडा समजला की अर्धे चुकीचे सल्ले तुमचे तुम्हालाच ओळखता येतील. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर करंट घेतो, ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर साधारण १३ अँपिअर. म्हणून दोघांनाही १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर अ‍ॅडाप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो चालवला तर सॉकेट तापणारच. २००० वॅटचा रूम हीटर आणि १५०० वॅटचा रॉड यांनाही हेच लागू आहे. प्लग काळा पडण्याच्या तक्रारींत मूळ कारण बरेचदा उपकरणात नसतं, सॉकेटमध्ये किंवा त्याच्या सैल स्क्रूमध्ये असतं. पण प्रश्न विचारणारा सॉकेटचा उल्लेखच करत नाही आणि सल्ला देणारे कॉइल बदलायला सांगतात.

दाबाचा आकडाही पाहा. चकतीवर ०.८ एमपीए लिहिलं असेल तर तो ८ बार दाबाचा, म्हणजे उंच इमारतीला किंवा प्रेशर पंपाला चालणारा गीझर. कमी दाबाचा गीझर पंपावर लावला असेल तर टाकी गळण्याचं कारण तिथेच सापडू शकतं.

३. लक्षणं लिहा, पण पुन्हा घडवून पाहू नका

जे आधीच घडलं आहे ते आठवून लिहायचं. “एकदा चालू करून बघा आणि सांगा” असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. लिहिताना हे मुद्दे असू द्या:

काय पडतं, एमसीबी की आरसीसीबी? एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्ट झाल्यावर पडतो. आरसीसीबीवर टी लिहिलेलं टेस्ट बटण असतं. जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला, म्हणजे करंट दुसरीकडे कुठे गळत असला, की तो पडतो. घरातला आरसीसीबी बहुतेक ३० मिलिअँपिअरचा असतो. दोन्ही खटके एकसारखे दिसतात, म्हणून वीजपेटीचा फोटो काढून त्यावर बोट दाखवणारा बाण काढला तरी चालेल.

कधी पडतं? स्विच लावताक्षणी की पाणी तापायला लागल्यावर? स्विच लावल्या लावल्या एमसीबी पडला तर शॉर्टची शंका घेतात. काही मिनिटांनी आरसीसीबी पडला तर कॉइलच्या आवरणातून गळती होत असल्याची शंका येते. निदान मेकॅनिकने मोजूनच करायचं, पण ही वेळ त्याच्या फार कामाची असते.

पाणी कुठलं? बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार कॉइलवर जाड थरासारखे बसतात, उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉइल आतून जास्त तापून फुटते. नगरपालिकेचं पाणी की बोअरचं, हे लिहिलं की जाणकार माणूस लगेच पुढचा योग्य प्रश्न विचारतो.

गीझर किती वर्षांचा, शेवटची सर्व्हिस कधी, त्याआधी घरात काही काम झालं होतं का (नवीन नळ, रंगकाम, इन्व्हर्टर), पाणी ठिबकतं ते नेमकं कुठून. घर भाड्याचं आहे का तेही लिहा, कारण मग वायरिंगचा खर्च आणि निर्णय घरमालकाकडे जातो.

४. फोटो काढा आणि नको ते झाका

चकती, प्लग, सॉकेट, वीजपेटी आणि गीझरखालचा पाण्याचा जोड यांचे फोटो पुरे. सगळे वीज बंद असताना, झाकण न उघडता. टाकण्याआधी सिरियल क्रमांक, बिलावरचं नाव-पत्ता, मीटरचा ग्राहक क्रमांक आणि फोन नंबर झाकून टाका. फोनमध्ये फोटोबरोबर ठिकाणाची नोंद जात असेल तर ती बंद करा. सिरियल क्रमांक फक्त कंपनीच्या खऱ्या सेवा केंद्राला द्यायचा.

५. प्रश्न असा लिहा

हा नमुना तसाच उतरवून स्वतःची माहिती भरा:

“पुणे, तिसरा मजला, भाड्याचा फ्लॅट. स्टोरेज गीझर, २५ लिटर, २००० वॅट, २३० व्होल्ट, चार वर्षं जुना. पाणी बोअरचं. १६ अँपिअरच्या सॉकेटवर आहे, एक्स्टेन्शन नाही. चालू केल्यावर काही मिनिटांनी आरसीसीबी पडतो; एमसीबी पडत नाही. गीझर काढून ठेवला की बाकी घर नीट चालतं. जळका वास नाही, ठिबकत नाही. वीज बंद करून प्लग काढून ठेवला आहे आणि मी झाकण उघडणार नाही. मला एवढंच हवं आहे: मेकॅनिकने कोणत्या तपासण्या कराव्यात आणि दुरुस्ती की नवीन, हे कोणत्या आधारावर ठरवावं?”

शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची आहेत. “मी झाकण उघडणार नाही” असं लिहिल्यावर स्क्रूड्रायव्हर घ्यायला सांगणारे बरेच जण आपोआप गप्प होतात.

६. कुठे विचारायचं

पहिलं ठिकाण म्हणजे कंपनी. पण कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका. हा या संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मोठा सापळा आहे. शोधताना वर येणारे कित्येक कस्टमर केअर नंबर फसवणूक करणाऱ्यांचे असतात. ते गोड बोलतात, “पाच रुपये नोंदणी फी भरा” म्हणून लिंक पाठवतात किंवा स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगतात आणि खातं रिकामं करतात. नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून, गीझरबरोबर आलेल्या पुस्तिकेवरून किंवा कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून. कुणी ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर जराही वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा. सायबर गुन्ह्यांसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

दुसरं ठिकाण म्हणजे ओळखीतले जाणकार: आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेले, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, वीज कंपनीतून निवृत्त झालेले कुणी. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी दहा जणांना विचारण्यापेक्षा अशा एकाला फोटो पाठवा.

तिसरं, आता बरेच जण चॅटबॉटला विचारतात. मीही विचारते. शब्दांचे अर्थ समजून घ्यायला, कंपनीला इंग्रजीत तक्रारीचा मेल लिहायला, मेकॅनिकला विचारायच्या प्रश्नांची यादी करायला तो उत्तम. पण त्याने वायर कुठे जोडायची हे सांगितलं तर ते तिथेच सोडून द्या, कितीही नीट मुद्देसूद लिहिलेलं असलं तरी.

व्हिडिओंबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ज्या देशात व्हिडिओ बनला तिथली वीज आणि रंग वेगळे असतात. अमेरिकेतल्या घरात साधी सॉकेटं १२० व्होल्टची, पाणी तापवायची मोठी टाकी मात्र २४० व्होल्टवर आणि बहुतेक वेळा दोन कॉइलची. तिथे काळी तार म्हणजे फेज. आपल्याकडे भिंतीतल्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल, पिवळी, निळी या फेज. आणि गीझरबरोबर येणाऱ्या कॉर्डमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल, तपकिरी म्हणजे फेज, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग! म्हणजे एकाच घरात निळ्या तारेचे दोन अर्थ. न्यू जर्सीतला भाऊ मायेने व्हिडिओ पाठवतो, पण त्यातला रंग तुमच्या भिंतीत जीवघेणा ठरू शकतो. परदेशातल्या मराठी वाचकांनीही हे उलट बाजूने लक्षात ठेवावं: गावाकडच्या मित्राचा सल्ला तिथल्या वायरिंगला लावू नका, आणि हीटर परत मागवलेल्या मॉडेलांपैकी आहे का हे अमेरिकेत सीपीएससी या ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या यादीत, ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिकल सेफ्टी फर्स्ट या संस्थेच्या यादीत पाहा.

७. आलेला सल्ला पारखा: हे ऐकायचं नाही

हा भाग सावकाश वाचा. यातला प्रत्येक सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, कधी मेकॅनिकही देतो, आणि प्रत्येकाने त्रास तात्पुरता थांबतोही. तेच भयंकर आहे.

“अर्थिंगची वायर काढून टाका, आरसीसीबी पडणार नाही.” खरंच पडणार नाही. कॉइलचं आवरण फुटल्यावर गळणारा करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जात होता, म्हणून आरसीसीबीला कळत होतं. ती तार काढली की करंटला वाट उरत नाही आणि तो टाकीवर, पाण्यात, नळावर तसाच थांबतो. पुढची वाट म्हणजे आंघोळीला गेलेला माणूस.

“आरसीसीबी बायपास करा, सारखा पडतोय, खराब असेल.” खराब असू शकतो, पण ते मोजून ठरवायचं. गीझर काढल्यावर तो पडत नसेल तर तो आपलं काम चोख करतो आहे. पावसाळ्यात तो जास्त पडतो तेव्हाही ओलावा कुठेतरी शिरलेला असतो.

“मोठा एमसीबी बसवा.” एमसीबी गीझरसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. २००० वॅटच्या गीझरला ९ अँपिअर लागतात. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडत असेल तर बिघाड आहे. त्याजागी ३२ चा बसवला तर एमसीबी गप्प बसेल आणि तार भिंतीच्या आत तापेल.

“अर्थिंग नाही ना? मग सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून घ्या.” जुन्या चाळींत, वाड्यांत हा जुगाड फार दिसतो. न्यूट्रलची तार कुठेही सैल झाली किंवा तुटली की गीझरच्या पत्र्यावर थेट फेज येते. असं जोडलेलं आहे का हे तुमच्या वायरमनला मुद्दाम तपासायला सांगा.

“थर्मोस्टॅट डायरेक्ट करा, सध्या चालून जाईल.” थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा) आणि थर्मल कटआउट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा) हे दोन वेगळे रखवालदार आहेत. त्यांना वगळून कॉइल सरळ जोडली तर पाणी उकळत राहतं, टाकीत वाफेचा दाब वाढतो. त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने बसलेला असेल तर टाकी फुटते.

“व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पडतंय, बूच लावून टाका.” तापताना पाणी प्रसरण पावतं आणि जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने येतं. तापतानाच थोडं येत असेल तर ते बरोबर आहे. सतत धार लागली असेल तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह बदलायला झालाय. बूच कधीही नाही.

“टेस्टर लावून बघा, पेटला नाही म्हणजे करंट नाही.” नियॉनचा साधा टेस्टर तुमच्या शरीरातून जमिनीला जाणाऱ्या सूक्ष्म करंटवर पेटतो. तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर उभे असाल तर फेज असूनही तो पेटणार नाही, किंवा इतका मंद पेटेल की उजेडात दिसणार नाही. उलट, नुसत्या आसपासच्या तारेमुळे तो कधी उगाचही पेटतो. जीव त्याच्यावर टांगू नका.

रॉडबद्दल दिला जाणारा “रबरी चपला घालून पाण्यात बोट घालून बघा तापलंय का” हा सल्लाही याच यादीत. रॉडचा प्लग काढून, रॉड बाहेर घेऊन मगच पाण्याला हात लावायचा. बादली लोखंडी नको, आणि रॉडवरच्या खुणेइतकं पाणी असल्याशिवाय स्विच लावायचा नाही. रूम हीटर असेल तर पडदे, गादी, वाळत घातलेले कपडे यांपासून तो किमान एक मीटर लांब ठेवा. हीटरवर कपडे वाळवा असं कुणी सुचवलं तर त्याचे बाकीचे सल्लेही बाजूला ठेवा.

चांगला सल्ला कसा ओळखायचा? तो देणारा आधी विचारतो: वीज बंद केली का, अर्थिंग आहे का, काय पडतं. कारण सांगतो. एकाहून जास्त शक्यता सांगतो. आणि एका टप्प्यावर थांबून म्हणतो की पुढचं जागेवर मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

८. मेकॅनिक आल्यावर

महाराष्ट्रात वीज जोडणीच्या कामासाठी सरकारमान्य परवाना असतो. वायरमन किंवा कंत्राटदाराला तो दाखवायला सांगण्यात काही वावगं नाही. “दादा, परवाना आहे ना?” एवढं नम्रपणे विचारा. वॉरंटीतल्या गीझरला मात्र बाहेरच्या माणसाचा हात लागू देऊ नका. टाकी, कॉइल आणि बाकी गीझर यांची वॉरंटी बहुतेक वेळा वेगवेगळ्या मुदतीची असते, कार्ड नीट वाचा. “वॉरंटी संपली” हे फोनवर ऐकून सोडून देऊ नका. टाकीची अजून चालू असू शकते.

त्याच्याकडून एवढं करून घ्या:

- कॉइलचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजणं. साध्या मल्टीमीटरने कॉइल तुटली आहे का ते कळतं; बारीक गळती पकडायला मेगरचा जास्त व्होल्टेज लागतो. २००० वॅटच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो, हा आकडा लक्षात ठेवा.
- सॉकेटला अर्थिंग खरोखर पोचतं का, फेज-न्यूट्रल बरोबर बाजूला आहेत का, हे तपासणं.
- सॉकेटचे आणि एमसीबीचे स्क्रू घट्ट आहेत का पाहणं.
- टेस्ट बटण दाबून आरसीसीबी पडतो का दाखवणं. आरसीसीबी नसेलच तर गीझरच्या आधी तो बसवायला सांगा.
- टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड पाहणं. तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. झिजून संपला असेल तर बदलायचा.

कॉइल आणि थर्मोस्टॅट हे बदलण्यासारखे भाग आहेत. आतली टाकी गळत असेल तर मात्र पैसे दुरुस्तीत घालू नका, नवीन गीझर घ्या. काढलेला भाग मागून घ्या आणि कामाचं तपशीलवार बिल घ्या: कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, किती पैसे.

९. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना

आधी गरम पाण्याचा नळ उघडा. पाणी एकसारखं, हवेचे फटके न मारता यायला लागलं म्हणजे टाकी भरली. मग नळ बंद करून स्विच लावा. रिकाम्या टाकीत कॉइल पेटली तर ती पहिल्याच दिवशी जाते. सोसायटीची टाकी रिकामी झाल्यानंतरही हेच करायचं. पहिले काही दिवस पाणी तापवून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. तापत असताना प्लगचा वास, रंग, उष्णता यांवर लक्ष ठेवा.

१०. कंपनी किंवा दुकानदार ऐकत नसेल तर

ही कागदपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, चकतीचा फोटो, बिघाडाचे फोटो, तक्रार क्रमांक आणि तारखा, मेकॅनिकचा लेखी शेरा, दुरुस्तीची बिलं, कंपनीशी झालेले मेल आणि मेसेज. बिल हरवलं असेल तर ऑनलाइन ऑर्डरची नोंद किंवा बँकेतली नोंद चालवून पाहा.

स्टोरेज गीझर, रॉड आणि रूम हीटर यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. स्टोरेज गीझरचं मानक आयएस २०८२. बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये सीएम/एल क्रमांक टाकला की तो परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. क्रमांक जुळत नसेल किंवा चिन्हच नसेल तर त्याच अ‍ॅपमधून तक्रार करता येते. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारे रॉड घेताना हे दुकानातच उभं राहून तपासा.

पैसे परत किंवा बदली यासाठी आधी कंपनीला लेखी मेल करा आणि उत्तराला मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीत बोलता येतं आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, वकील बंधनकारक नाही आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. शॉकने किंवा आगीने इजा झाली असेल तर याच कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागता येते. अशा वेळी गीझर भंगारात देऊ नका, दुरुस्तही करू नका. तो आहे त्या स्थितीत काढून, फोटो घेऊन, कोरड्या जागी ठेवा. तुमच्याकडचा मुख्य पुरावा तोच असतो. तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे, आणि हेल्पलाइनवर गेलेला वेळ त्यातून वजा होईल असं गृहीत धरू नका.